फोडावं कसं, भरावं कुणी

नोकरीला लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात बरंच काही शिकवतात. मस्टर कुठे असतं, कँटीनची कुपनं कुणाकडे मिळतात, कुठल्या साहेबाला चहाच्या आधी भेटायचं नाही. वेळ उरला तर मशीन कसं चालवायचं तेही दाखवतात. मोडतोड कशी करायची हे मात्र कुणी सांगत नाही. जणू ती होणारच नाही. होते. जो काम करतो त्याच्याच हातून होते. न करणाऱ्याच्या हातून फार तर शर्टाची इस्त्री मोडते.

मी १९८६ ते २०१८ एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. पगारपत्रक करायचो. मूळ पगार, महागाई भत्ता, पीएफ, व्यवसाय कर, सोसायटीचा हप्ता असे रकाने ओळीने जातात, आणि अगदी शेवटी, हातात पडणाऱ्या रकमेच्या अलीकडे, एक अरुंद रकाना असतो : ‘इतर कपात’. फुटलेलं, हरवलेलं, वाकलेलं, सांडलेलं सगळं तिथे येऊन पडतं. बत्तीस वर्षं तो रकाना मी भरला. त्या पुण्याईवर खालचे पाठ नवशिक्यांसाठी लिहीत आहे. घरी सराव करू नये. घरच्या मोडतोडीचे नियम वेगळे आहेत आणि तिथे अपील नाही.

पाठ पहिला : काय फोडावं

नवशिका लहान वस्तू फोडतो, ही त्याची पहिली चूक. ग्लास, बशी, ड्रिलचं बिट, ट्यूबलाइट. नवीन माणूस भिडस्त असतो, त्याचा धक्का लहान वस्तूलाच लागतो. हे टाळावं. लहान वस्तूची किंमत पावतीवर स्पष्ट लिहिलेली असते आणि ती पगारात मावते. पगारात मावतं ते पगारातून जातं. न मावणाऱ्या नुकसानीसाठी समिती नेमतात.

१९९३ च्या पावसाळ्यातलं उदाहरण देतो. टूल रूममधल्या एका हेल्परच्या हातून व्हर्नियर पडला. सहा इंची, अकरा वर्षं वापरलेला, आकडे इतके पुसट की वाचायला चार्जमन चष्मा कपाळावरून खाली घ्यायचा. जबडा वाकला. स्टोअरने किंमत कळवली नऊशे रुपये. ती नव्या व्हर्नियरची किंमत होती. अकरा वर्षांच्या म्हाताऱ्याची किती, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. तीनशेचे तीन हप्ते ठरले आणि मी ते तीन महिने व्यवस्थित लिहिले.

त्याच महिन्यात खरेदी खात्याने ईएन २४ च्या जागी ईएन ८ चे सहा टन बार मागवले. दोन्ही पोलादच, दिसायला भाऊ-भाऊ. पण एक पीळ सोसतं आणि दुसरं तेवढा सोसत नाही, हे शाफ्ट गिऱ्हाइकाकडे जाऊन, तुटून, परत आल्यावर समजलं. समिती बसली, दोन दिवस बसली. मिनिट्स मी टाइप केले म्हणून वाक्यं आठवतात : ऑर्डर दिली गेली, ग्रेडची खातरजमा झाली नाही, समन्वयाचा अभाव दिसून आला. पानभर मजकुरात कर्ता कुठेच नाही, नुसती क्रियापदं. हेल्परच्या कागदावर मात्र कर्ता पहिल्याच ओळीत होता, टोकन नंबरासकट. समितीच्या चहा, समोसे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं वाउचरही माझ्याकडेच आलं. तीनशे चाळीस रुपये. हेल्परच्या एका हप्त्यापेक्षा चाळीसने जास्त.

ते पोलाद पुढे दोन पावसाळे चिंचेखाली पडून होतं आणि मग भंगारात गेलं. हिशेबात याला राइट ऑफ म्हणतात. सरकारी मराठीत त्याहून देखणा शब्द आहे, निर्लेखन : जे लिहून ठेवलं होतं ते न लिहिल्यासारखं करणं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पडकी खोली पाडायची असली तरी आधी निर्लेखनाचा प्रस्ताव जातो. ग्लासाचं निर्लेखन झालेलं मी ऐकलेलं नाही. हॉटेलात ग्लास फुटला तर वेटरच्या नावावर, आणि गिऱ्हाईक बिल न देता पसार झालं तर तेही वेटरच्या नावावर. एवढ्या बाबतीत गिऱ्हाईक आणि ग्लास यांत फरक करत नाहीत.

तेव्हा फोडायचंच तर मोठं फोडावं, आणि शक्य झाल्यास खुर्चीत बसून.

पाठ दुसरा : सही करताना

रुजू होताना पंधरा-वीस ठिकाणी सह्या घेतात. फुल्या मारलेल्या असतात, आपण फुलीवर सही करत जायचं. त्यात एखादा कागद असा असतो : ‘माझ्या कार्यकाळात कंपनीच्या मालमत्तेची जी काही हानी होईल तिची संपूर्ण भरपाई माझ्या वेतनातून करून घेण्यास माझी हरकत नाही.’ नवशिका ‘जी काही’ वाचत नाही. वाचलं तरी सही करतोच, कारण मागे रांगेत आणखी चौघं असतात.

आता जे सांगतो ते मला नोकरीच्या सातव्या वर्षी कळलं, तेही सरकारी कामगार अधिकारी रजिस्टरं तपासायला आले तेव्हा. १९३६ चा वेतन प्रदान कायदा म्हणत होता की पगारातून काय कापता येतं त्याची यादी ठरलेली आहे आणि यादीबाहेरचं काही कापता येत नाही. नुकसानीबद्दल यादीत जे कलम आहे, ते फार मोजून-मापून लिहिलेलं आहे. वस्तू कामगाराकडे स्पष्टपणे, सांभाळण्यासाठी म्हणून सोपवलेली असली पाहिजे. किंवा ज्या पैशाचा हिशेब द्यायची जबाबदारी त्याच्यावर आहे तो पैसा कमी भरला पाहिजे. आणि ती तूट थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे किंवा कसुरीमुळे आलेली असली पाहिजे. तिन्ही शब्दांवर बोट ठेवून वाचावं : सोपवलेली, थेट, हलगर्जीपणा. आणि कायद्याने दिलेला हक्क सोडून देणारा करार, त्या हक्कापुरता, रद्दबातल. म्हणजे तो ‘हरकत नाही’चा कागद, तुमची सही कितीही झोकदार असली तरी, कपातीला आधार होत नाही.

टूल रूममध्ये सोपवण्याची पद्धत चांगली होती. पितळी बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं. बिल्ला खिळ्यावर लटकतो, हत्यार परत केलं की बिल्ला परत. ज्याचा बिल्ला खिळ्यावर, त्याच्याकडे व्हर्नियर. अडचण एवढीच की त्या हेल्परने व्हर्नियर स्वतःसाठी घेतलाच नव्हता. फोरमनने सांगितलं, ‘जा रे, तेवढा घेऊन ये,’ म्हणून तो बिल्ला फोरमनचा घेऊन गेला होता. खिळ्यावर नाव एकाचं, हात दुसऱ्याचा. कायद्याच्या भाषेत वस्तू कुणाकडे सोपवलेली होती यावर तासभर वाद घालता आला असता. आमच्याकडे एक मिनिटही घातला नाही.

कॅशियर, कंडक्टर, पेट्रोल पंपावरचा मुलगा यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या हातातला पैसा हा हिशेबाचाच पैसा. दिवसअखेर कमी भरला तर प्रश्न त्यांनाच. पण इथेही ‘थेट’ हा शब्द आहेच. एकाच गल्ल्यात तिघे हात घालत असतील आणि संध्याकाळी शंभर कमी आले, तर तिघांत सर्वात धाकट्याकडून घेणं ही रीत आहे, कायदा नव्हे. म्हणून गल्ला हातात घेताना समोर मोजून घ्यावा. ‘अहो, घरचाच आहे, मोजताय काय,’ असं कुणी म्हटलं तर दोनदा मोजावा.

याच पाठातला शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : वस्तू घेताना सही घेतात, परत करताना कुणी देत नाही. मागून घ्यावी. तोंडी परत केलेली वस्तू कागदावर तुमच्याकडेच असते. या नियमाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

पाठ तिसरा : कसं फोडावं

हातातून वस्तू पडली म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं फोरमनचं मत असतं. कायद्याचं मत इतकं साधं नाही. जिन्याच्या पायरीवर तेल सांडलेलं असेल, ट्रॉलीचं चाक महिनाभर अडकत असेल, बारा तासांची दुसरी पाळी असेल, तर पडणाऱ्याचा हात शेवटचा असतो एवढंच. म्हणून फोडताना आजूबाजूला पाहून फोडावं. चाक अडकतंय असं दहा दिवस आधी लेखी दिलेलं असेल तर उत्तम. न दिलेलं असेल तर आजच द्यावं, आणि फोडायचं काम दहा दिवस पुढे ढकलावं.

हा वाद मुंबईत जुना आहे. गिरण्यांमध्ये कापडात खोट निघाली, म्हणजे धागा तुटला, डाग पडला, पोत विरळ आला, की दंड व्हायचा. काही गिरण्यांत तर ते खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत पगारातून वळती करायचे. सूत निकृष्ट होतं का, मागाची दुरुस्ती कधी झाली होती, हे विणकराने विचारायचं नाही. पाठीवर कापडाचा गठ्ठा घेऊन गिरणगावच्या चाळीत परतणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. पगार मागायला गेला आणि गिऱ्हाईक होऊन आला. हे कापड तो नेसणार की विकणार, आणि विकणार तर कुणाला? शेजारीही विणकर, त्याच्याही घरी तोच माल. विसाच्या दशकातल्या संपांच्या मागण्यांत या खराब कापडाची तक्रार येत राहते, त्यात नवल नाही.

१९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयीचं रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्यात आपले ना. म. जोशी सदस्य होते. १९३१ मध्ये अहवाल आला, १९३६ मध्ये कायदा झाला आणि २८ मार्च १९३७ पासून तो लागू झाला. त्यात एक कलम असं की पगार चालू नाण्यात किंवा नोटांत द्यावा. नोटांत म्हणजे नोटांत, धोतरजोडीत नाही. आज ते वाक्य वाचून हसू येतं, पण कायद्यातलं असं प्रत्येक विनोदी वाटणारं वाक्य कुणाच्या तरी पाठीवरच्या गठ्ठ्यावरून आलेलं असतं.

इचलकरंजी-भिवंडीकडे ज्यांचे नातेवाईक यंत्रमागावर आहेत, त्यांनी हा पाठ त्यांना वाचून दाखवावा. ते काय म्हणतील ते इथे छापता येणार नाही.

पाठ चौथा : खुलासा

फोडलं. आता धावत जाऊन ‘साहेब, माझी चूक झाली, कापून घ्या’ असं म्हणू नये. आईने लहानपणी खरं बोलायला शिकवलं ते बरोबर आहे, पण आईने पगारपत्रक केलेलं नाही. कायदा सांगतो की नुकसानीची रक्कम कापण्यापूर्वी कामगाराला कारण दाखवण्याची संधी दिलीच पाहिजे. आधी संधी, मग कपात. रक्कमही प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नको. आणि कापलेली प्रत्येक रक्कम रजिस्टरात नोंदवलेली हवी. आमच्याकडे क्रम असा होता : कपात, मग पगाराच्या दिवशी खिडकीत बोंबाबोंब, मग संधी. तीही माझ्याकडे, म्हणजे ज्याला काही ठरवायचा अधिकार नाही त्याच्याकडे.

खुलासा लिहिण्याची एक भाषा असते, ती शिकून घ्यावी. नमुना देतो. गाळलेल्या जागी आपापली वस्तू भरावी.

‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की दिनांक — रोजी माझ्या हातून — पडून त्याचे नुकसान झाले असे आपल्या पत्रात नमूद आहे. सदर वस्तू माझ्या ताब्यात दिल्याची नोंद असल्यास तिची प्रत मिळावी. सदर वस्तूचे खरेदीचे वर्ष व घसारा वजा जाता आजचे मूल्य कळवावे. घटनास्थळी जमिनीवर तेल होते, याबाबत मी दिनांक — रोजी लेखी कळवले होते, त्याची पोच सोबत जोडली आहे. तरी योग्य तो विचार व्हावा, ही विनंती.’

यात ‘माझी चूक’ नाही आणि ‘माझी चूक नाही’ हेही नाही. फक्त कागद मागितले आहेत. कागद मागणारा माणूस कुठल्याच ऑफिसला आवडत नाही, हे गृहीत धरावं. पण घसारा हा शब्द वाचला की हिशेबनीस जागा होतो. अकरा वर्षांच्या व्हर्नियरला घसारा लावला असता तर उरलेल्या रकमेत एक कटिंग चहा आला असता, फार तर भज्यांसकट.

मोठ्या कारखान्यांतल्या स्थायी आदेशांत गैरवर्तनाची यादी असते. तिच्यात मालकाच्या मालमत्तेचं ‘हेतुपुरस्सर’ नुकसान असं लिहिलेलं असतं, आणि हलगर्जीपणा लिहिला तर ‘सवयीचा’. एकदा चुकून पडलं तर दोन्हींपैकी काहीच नाही. म्हणून नवशिक्याने आठवड्यातून एकदाच फोडावं हे बरं, सवय लावून घेऊ नये.

सरकारी नोकरांचं प्रकरण वेगळ्या पुस्तकात आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये निष्काळजीपणामुळे शासनाचं झालेलं आर्थिक नुकसान पगारातून पूर्ण किंवा अंशतः वसूल करणं ही शिक्षा आहे, आणि ती ‘किरकोळ’ शिक्षांच्या यादीत आहे. किरकोळ हा शब्द ज्याने निवडला त्याचा पगार किती होता, हे मला नेहमी विचारावंसं वाटतं.

पाठ पाचवा : गणित

दंड आणि नुकसानभरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगार करणारे त्या एकाच रकान्यात घालतात, मीही घालायचो, पण तुम्ही वेगळ्या धराव्यात. भरपाई म्हणजे वस्तूची किंमत. दंड म्हणजे धडा. धड्याला कायद्याने मर्यादा घातली आहे : मुळात रुपयामागे अर्धा आणा होती, पुढे त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्के झाली. कुठल्या चुकांना दंड, याची मंजूर यादी आधी भिंतीवर लावलेली हवी. दंड हप्त्याने घेता येत नाही. नव्वद दिवस उलटल्यावर घेता येत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलाला करताच येत नाही. तो मुलगा तिथे काय करत होता, हा प्रश्न दुसऱ्या कायद्याचा. आणि सर्व प्रकारची कपात मिळून, सहकारी सोसायटीचे हप्ते वगैरे अपवाद सोडले तर, निम्मा पगार हातात यायलाच हवा.

दंडाचा पैसा जातो कुठे? मालकाच्या खिशात जाऊ नये अशी सोय आहे. आपल्याकडे १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यानुसार कामगारांकडून घेतलेला दंड त्या निधीत जमा व्हायचा असतो. आणि कामगार कल्याण मंडळ काय करतं, तर इतर गोष्टींबरोबर कामगारांच्या नाट्यस्पर्धा घेतं. माझ्या डोक्यात हे दोन धागे जुळले तेव्हा मी एका स्पर्धेच्या नाटकाला प्रेक्षकांत बसलो होतो. आमच्याच कारखान्यातला फिटर दारुड्या बापाचं काम करत होता. मला वाटलं, उशिरा येण्याबद्दल याला गेल्या वर्षी झालेला दंड आता रंगमंचावर झिंगत फिरतोय. फिटरला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. वसूल.

आता थोडं नवं. वेतन प्रदान कायद्याला पगाराची मर्यादा होती : सुरुवातीला महिना दोनशे रुपये, २०१७ पासून चोवीस हजार. त्यावरच्या माणसाला त्याचं संरक्षण नव्हतं. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तिने ती मर्यादा काढून टाकली. सोपवलेली वस्तू, थेट कसूर, आधी संधी, तीन टक्के, निम्मा पगार हे सगळं तिथेही आहे, पण आता मॅनेजरसुद्धा त्याखाली येतो. ज्याच्या पगारातून ग्लासभर पाणीही कधी कापलं गेलं नाही, त्याला कपातीपासून संरक्षण मिळालं. असो, मिळू द्या. उद्या त्याने सहा टन पोलाद चुकीचं मागवलं तर निदान नियम माहीत असतील.

ग्रॅच्युइटीबद्दल एक समज फार पसरलेला आहे, तो इथेच मोडतो. हे मोडायला परवानगी लागत नाही. ‘काही फोडलंस तर ग्रॅच्युइटी जाईल’ असा दम देतात. १९७२ च्या कायद्यात तशी तरतूद होती, पण केव्हा? ज्या कृत्याने किंवा हलगर्जीपणाने नुकसान झालं, त्याच कारणासाठी नोकरीवरून काढलं असेल तेव्हा. आणि जाते तीही नुकसान जेवढं, तेवढीच. वीस वर्षं नोकरी करून राजीनामा दिलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी एका मॉनिटरच्या स्क्रीनवरून अडवता येत नाही. अडवतात ती गोष्ट वेगळी.

पाठ सहावा : दुसऱ्याचं फोडणं

इथवर मालकाचं फोडलं. आता रस्त्यावर येऊ. कंपनीचा टेम्पो मागे घेताना ड्रायव्हरने कुणाच्या अंगावर घातला तर भरपाई मालकाकडून मागता येते, कारण ड्रायव्हर मालकाच्या कामावर होता. जखमी माणूस सहसा ड्रायव्हरच्या मागे लागत नाही. ड्रायव्हरकडे काय मिळणार, डिझेलची पावती?

पण मालकाने भरल्यावर मालक ड्रायव्हरकडे मागू शकतो का? यावरचा गाजलेला खटला इंग्लंडमधला आहे. रमफर्ड गावात एका बर्फ आणि शीतगृहाच्या कंपनीत लिस्टर नावाचा लॉरीवाला होता. त्याच लॉरीवर मदतनीस म्हणून त्याचे वडील. १९४९ मध्ये कत्तलखान्याच्या आवारात लॉरी मागे घेताना मुलाने ती वडिलांवर घातली. वडील वाचले आणि त्यांनी कंपनीवर दावा लावून सोळाशे पौंड मिळवले. पैसे विमा कंपनीने दिले. इथवर सगळं कुटुंबात राहिलं होतं. मग विमा कंपनीने मालकाच्या नावाने मुलावर दावा लावला : तू नीट गाडी चालवशील असा तुझ्या नोकरीच्या करारात अध्याहृत शब्द होता, तो मोडलास, आमचे पैसे दे. मालकाला कुणी विचारलंही नाही. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी मुलगा हरला.

१९५७ च्या या निकालाची इंग्लंडमध्ये इतकी शोभा झाली की विमा कंपन्यांनी आपापसात ठरवून टाकलं : जाणूनबुजून केलेलं किंवा संगनमताचं काही नसेल तर यापुढे कामगारावर असे दावे लावायचे नाहीत. लेखी कायदा नाही, सभ्य गृहस्थांमधला शब्द. विमा कंपन्यांना सभ्य गृहस्थ म्हटल्याचं हे एकच उदाहरण माझ्या वाचनात आहे.

नवशिक्याने यातून घ्यायचं ते इतकंच, की गाडी मागे घेताना आधी वडील कुठे उभे आहेत ते पाहावं.

पाठ सातवा : परत करणं

२०१८ च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी नो ड्यूजचा कागद घेऊन खात्याखात्यांतून फिरावं लागतं. लायब्ररी नसली तरी लायब्ररीची सही लागते. कँटीन, सोसायटी, टूल रूम, सगळीकडे झालं. स्टोअरमध्ये कार्डेक्सवर माझ्या नावावर एक कॅल्क्युलेटर निघाला. १९९१ चा, बारा अंकी, कागदाची गुंडाळी छापणारा. त्याचा प्रिंटर १९९८ मध्येच मेला होता आणि मी तो स्वतः नेऊन स्टोअरच्या काउंटरवर ठेवला होता. काउंटरवरचा माणूस म्हणाला होता, ‘ठेवा, बघतो.’ मी ठेवला. पाठ दुसरा, शेवटचा नियम. पोच घेतली नव्हती.

माझ्या जागी जो मुलगा आला होता त्याला मीच वर्षभर शिकवलं होतं. हुशार पोरगं. तो स्लिप घेऊन आला. इतर कपात, साडेआठशे रुपये.

‘सर, सॉरी. स्टोअरने दिलंय.’

‘सत्तावीस वर्षांचा कॅल्क्युलेटर आहे अरे. घसारा?’

‘ते सिस्टिममध्ये नाही सर.’

माझा पगार तेव्हा मर्यादेच्या वर होता, म्हणजे तो कायदा मला लागू नव्हता. तरी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला हौस आली. म्हटलं, ‘आधी कारणे दाखवा नोटीस दे. संधी न देता कापायचं नसतं.’

तो गोंधळला. ‘फॉरमॅट कुठे आहे सर?’

फॉरमॅट नव्हता. बत्तीस वर्षांत एकही नोटीस निघाली नव्हती, तर असणार कुठून? आणि निघाली नव्हती, कारण काढायचं काम माझं होतं. मी त्याच्या खुर्चीत बसलो आणि नोटीस टाइप केली. स्वतःलाच. ‘आपणास याद्वारे कळविण्यात येते की...’ मग प्रिंट काढून, पोच म्हणून सही करून, चौथ्या पाठातला खुलासा लिहिला, घसाऱ्यासकट. काउंटरवरच्या माणसाचं नाव लिहिलं नाही, तो २००४ मध्येच वारला होता.

मुलगा दोन्ही कागद साहेबांकडे घेऊन गेला आणि दहा मिनिटांत परत आला. साहेब म्हणाले होते, उत्तर देऊन टाक. पण त्याला मराठी टायपिंग येत नव्हतं. पाच वाजायला वीस मिनिटं होती, खाली निरोपाच्या समारंभासाठी लोक जमले होते, कुणीतरी दोनदा हाक मारून गेलं. मी म्हटलं, सरक. आणि टाइप केलं : ‘आपला खुलासा समाधानकारक न वाटल्याने सदर रक्कम वसूल करण्यात येत आहे.’